चहाच्या धुरातलं बदक

प्रश्न : चीनमध्ये आख्खं बदक चहाच्या धुरावर करतात, असं एका कार्यक्रमात पाहिलं. आपण मटणाला निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देतो, त्यातलाच हा प्रकार का? नुसत्या धुरावर दोन किलोचं बदक शिजतं तरी कसं? घरच्या कढईत जमेल का?

उत्तर : शिजत नाही हो! सिचुआन प्रांतातल्या या ‘झांगचा’ बदकाला धूर मिळतो तो वास आणि रंगापुरता. शिजवण्याचं काम वाफेचं आणि कुरकुरीतपणा तेलाचा. धुंगाराशी नातं एवढंच, की दोन्हीकडे धूर कोंडायचा. आपला धुंगार मात्र तयार पदार्थाला शेवटी देतात, इथे धूर मधेच येऊन जातो.

आधी बदकाला मीठ आणि सिचुआनी मिरी चोळून रात्रभर ठेवतात. ही मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी चुलतबहीण; ती मिळाली नाही तर तिरफळ घ्या. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालता तसंच बी काढून टाका, नुसती टरफलं मिठाबरोबर कोरडीच भाजा आणि भरड कुटा. तिरफळाचा वास जास्त उग्र, तेव्हा हात आखडता ठेवा.

दुसऱ्या दिवशी बदकावर उकळतं पाणी ओतायचं. कातडी ताणून घट्ट बसते. मग वाळवायचं, आणि घाईत हमखास गाळला जातो तो हाच टप्पा. ओल्या कातडीवर धूर सारखा बसत नाही. काळे डाग पडतात आणि चव कडवट होते. फ्रिजमध्ये जाळीवर, न झाकता रात्रभर ठेवा. बोट फिरवल्यावर कातडी कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. पावसाळी हवेत बाहेर टांगून वाळवायच्या फंदात पडू नका.

धुरासाठी मोठी लोखंडी कढई आणि घुमटासारखं उंच झाकण हवं. आत अॅल्युमिनियम फॉइलचा दुहेरी थर, त्यावर अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी चहापत्ती, पाव वाटी साखर. साखर जळताना कातडीला तांबूस रंग येतो, तांदूळ धुमसत राहतात. वर जाळी. धूर निघू लागला की बदक ठेवा, झाकणाच्या कडा फॉइलने बंद करा. मध्यम आचेवर पंधरा मिनिटं, गॅस बंद करून आणखी दहा. झाकण उघडायचं ते गॅलरीत, शेजाऱ्यांना कल्पना देऊन. नॉनस्टिक भांडं मात्र चुकूनही नको. कोरडं तापलं की त्याच्या लेपातून विषारी वाफा निघतात; घरात पोपट असेल तर त्या त्याच्या जिवावर बेततात.

सिचुआनमध्ये चहाबरोबर कापराच्या झाडाची पानं आणि डहाळ्या जाळतात. हे वाचून कोणी देव्हाऱ्यातला कापूर कढईत टाकेल, म्हणून आधीच बजावतो : अजिबात नाही. तो भडकन पेटतो, पोटात गेला तर विषारी, आणि बाजारातला बराचसा टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो. त्याऐवजी दालचिनीचे दोन तुकडे टाका. दालचिनी आणि कापराचं झाड एकाच कुळातले आहेत.

एवढं झाल्यावरही मांस आत कच्चंच असतं. पाण्यावरच्या पक्ष्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, आणि तो वितळवायला दीड तासाची वाफ लागते. त्याआधी सुईने कातडी टोचा, पण मांसापर्यंत जाऊ नका. मांडीच्या जाड भागात तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं की धोका टळला. मोदकपात्र लहान पडेल; मोठ्या पातेल्यात जाळी ठेवा आणि खाली खोलगट ताटली सरकवा. तिच्यात साठणारी चरबी फेकू नका, त्यात बटाटे परतले तर बदकाइतकेच झटक्यात संपतात.

शेवटी आख्खं बदक तेलात सोडायचं असतं. घरी हा उद्योग मी तरी सुचवणार नाही. दोन किलोचा पक्षी उकळत्या तेलात उतरवणं आचाऱ्याचं काम. त्याऐवजी बदक पुसून, गार करून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये कातडी कुरकुरीत होईपर्यंत ठेवा. तळल्याची सर येत नाही, पण ओटा शाबूत राहतो. तिकडे हाडांसकट तुकडे करून वाफवलेल्या मऊ पावांत घालून खातात. पाव करायचा कंटाळा असेल तर गरम भाकरीबरोबरही छान लागतं; सोबत कच्चा कांदा मात्र हवाच.