टाकीवरचा बिल्ला बदलण्याआधी

पोरा, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट हाती आलीय आणि लडाखला न्यायचं म्हणतोस, तर इंजिन मिस्त्रीकडे सोपव. बिल्ले, रबरं, स्टिकर, क्रोम हे मात्र स्वतःच्या हातांनी कर. आणि नवी वस्तू आणण्याआधी ती जिथे बसणार ती जागा उघडून बघ. दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

सुरुवात टाकीपासून. बिल्ल्याचे स्क्रू पाणी मुरून गंजलेले असतात. आदल्या रात्री डब्ल्यूडी-फोर्टी मार. सकाळी खाचेत गच्च बसणारा स्क्रूड्रायव्हर घे, आधी केसभर आवळ आणि मग सोडव. खाच घासायला लागली की थांब, परत फवारा मार, दुपारी बघ. जोर केलास तर डोकं तुटतं आणि टाकीवर ड्रिल लावायची पाळी येते. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, तिथे ठिणगी उडता कामा नये. नवे स्क्रू जुन्याच लांबीचे घे, लांब स्क्रू आतल्या पत्र्याला भिडतो.

गुडघ्याजवळची रबरं काढलीस की खाली तांबूस पट्टा दिसेलच. तो बारीक पॉलिशपेपरने घासून, प्रायमर आणि रंग लावून, पुरता वाळवून मगच नवं रबर चढव. रबर आखडलं असेल तर गरम पाण्यात टाक आणि साबणाच्या पाण्याने सरकव. ऑइल-ग्रीस लावू नकोस, त्याने रबर फुगतं.

टाकीवरच्या स्टिकरला हीट गन नको. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेव, कोपरा सुटला की पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढ. राहिलेल्या गोंदाला खोबरेल तेल पुरतं. थिनरने जुना रंगच उठेल. मग साबणाने तेल पार धुऊन काढ, नाहीतर नवा स्टिकर धरणार नाही. तो सावलीत लाव: आधी मास्किंग टेपने जागा आख, साबणपाणी शिंपड आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडांकडे पाणी काढ.

क्रोमचा थर अगदी पातळ असतो. गंज अडवतो तो त्याखालचा निकल. नुसते तांबूस ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरव. पापुद्रे सुटले असतील तर पॉलिशवर पैसे घालवू नकोस, प्लेटिंगवाल्याकडे दे आणि आधी निकलचं विचार. चकाकी कोणीही दाखवतो.

सुटे भाग आणायला पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुना तुकडा बरोबर ने. बिल्ला डावा-उजवा वेगळा असतो, भोकांचं अंतर काउंटरवरच जुळवून घे. नवा भाग बसून गाडी दोन-चार पावसांत भिजेपर्यंत जुना टाकू नकोस. गाडीचा रंगच बदलणार असशील तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घे.

टाकीवरच्या सोनेरी रेषा मात्र राहू दे. मद्रासच्या कारखान्यात त्या हाताने, ब्रशने ओढलेल्या आहेत. तिथे पॉलिशिंग कंपाउंड चालवू नकोस, ओल्या मऊ फडक्याने पूस. कुठे तुटली असेल तर हाताने रेघ मारणारा पेंटर गाठ आणि तेवढाच तुकडा जोडून घे.