रोमची चार अक्षरे

मंडळी, तुम्ही जत्रेला जाता. पंढरपूरला जाता. बरोबर माहितगार माणूस असला तर चार गोष्टी जास्त कळतात. हो ना? नाहीतर देऊळ पाहिले, प्रसाद खाल्ला, घरी आलो, एवढेच होते.

आज आपण अशाच एका माहितगाराबरोबर दूरचे शहर पाहू. शहराचे नाव रोम. देश इटली. हे शहर अडीच हजार वर्षांहून जुने आहे. तिथे पाहुण्यांना स्कूटरवर बसवून शहर दाखवतात. वाटाड्या स्कूटर चालवतो. पाहुणा मागे बसतो. शहराच्या जुन्या भागात गल्ल्या अरुंद आहेत. मोठी बस तिथे शिरत नाही, आणि सगळे पायी हिंडायचे तर पाय दुखतात. स्कूटर मात्र सुळकन जाते.

समजा, मागच्या सीटवर तुम्ही बसला आहात. चालवणारी एक तरुण बाई आहे. ती तुमच्या हातात टोप देते. स्कूटरवर बसायचे तर डोक्यावर टोप हवाच, असा तिथला कायदा आहे. रस्त्यावर काळ्या दगडांच्या लहान लहान चिपा बसवल्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात. म्हणून बाई जपून चालवते. आणि हो, तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. दचकू नका!

ही स्कूटर वेस्पा जातीची. वेस्पा म्हणजे त्यांच्या भाषेत गांधीलमाशी. मागून फुगीर, मधे बारीक, आणि आवाज घूंऽऽ! पहिली वेस्पा १९४६ साली निघाली. ती बनवणारा कारखाना आधी विमाने बनवत होता. लढाईत त्यावर बाँब पडले. लढाई संपली. लोकांना स्वस्त वाहन हवे होते. मग विमानाच्या इंजिनियरनेच ही स्कूटर आखली. आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीनेही परवाना घेऊन वेस्पा बनवली. पुढे १९७२ साली तिची चेतक आली. म्हणजे ही गांधीलमाशी आपल्या ओळखीची आहे, बरं का!

पहिला मुक्काम

समोर दगडाचे एक प्रचंड गोल आवार दिसते. हे कोलोसियम. उंची दीडशे फुटांहून जास्त. इसवी सन ८० मध्ये ते खुले झाले. सुमारे पन्नास हजार माणसे इथे बसत. काय पाहायला? माणसामाणसांची झुंज, माणसाची आणि जनावरांची झुंज. माणसे मरत आणि लोक टाळ्या वाजवत. पुढे हे खेळ बंद पडले. मग लोकांनी इथले दगड काढून नेले आणि आपले वाडे बांधले. आज ते एका बाजूने मोडके दिसते.

सगळे पाहुणे वर बघतात. आपली बाई मात्र म्हणते, "खाली बघा."

खाली काय आहे? गटाराचे लोखंडी झाकण. त्यावर चार अक्षरे आहेत. एस, पी, क्यू, आर. जवळच पाण्याचा नळ आहे. असे सुमारे अडीच हजार नळ शहरात आहेत. ते १८७४ सालापासून बसवले. पाणी गोड आणि फुकट. तोटीखालचे भोक बोटाने दाबले की वरच्या भोकातून धार उडते. प्या पोटभर. या नळावरही तीच चार अक्षरे आहेत!

ही अक्षरे लॅटिन या जुन्या भाषेतली. त्यांचा अर्थ : रोमची सभा आणि रोमची जनता. फार पूर्वी रोममध्ये राजा नव्हता. सभा आणि जनता मिळून कारभार चाले. तेव्हाची ही खूण. म्हणजे नळ कोणाचा? जनतेचा. गटार कोणाचे? जनतेचे.

पण थांबा. पुढे रोममध्ये बादशहा आले. सत्ता एकाच्या हाती गेली. तरी त्यांनी ही अक्षरे पुसली नाहीत. विसाव्या शतकात मुसोलिनी हा हुकूमशहा आला. त्यानेही ती वापरली. पाटीवर नाव जनतेचे, सत्ता मात्र दुसऱ्याच्या हाती!

म्हणून नुसते वाचून भागत नाही. वाचायचे आणि विचारायचे.

दुसरा मुक्काम

स्कूटर गल्लीबोळांतून पँथिऑनपाशी येते. हे जुन्या रोमचे देऊळ. त्याचा घुमट बघा. आतून रुंदी १४२ फूट. लोखंडाची एकही सळई नाही. चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडगोटे यांचा तो बनवला आहे. माथ्यावर गोल भोक आहे. तेवढ्यातून ऊन आत येते. पाऊसही येतो. जमिनीला उतार आणि भोके आहेत. त्यांतून पाणी निघून जाते.

दारावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की, हे अग्रिपाने बांधले. तो दोन हजार वर्षांपूर्वीचा मोठा सरदार. शतकानुशतके लोकांनी हे वाचले आणि खरे मानले. मग १८९२ साली जाणत्या लोकांनी भिंतीतल्या विटा तपासल्या. विटांवर भट्टीचे शिक्के होते. ते अग्रिपाच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी मारलेले निघाले! खरी गोष्ट अशी की, अग्रिपाचे देऊळ जळाले होते. हेड्रियन बादशहाच्या वेळी ते नव्याने पुरे झाले. दारावर नाव मात्र जुन्याचेच ठेवले.

मोठ्या अक्षरांनी एक सांगितले. बारीक अक्षरांनी खरे सांगितले. कागदावर अंगठा उठवण्याआधी किंवा सही करण्याआधी हे आठवा. बारीक अक्षरे आधी वाचा.

तिसरा मुक्काम

आता बाई स्कूटर हळू करते. ही ज्यू लोकांची जुनी वस्ती. रस्त्याच्या काळ्या दगडांत काही पितळी दगड चमकतात. वीतभरसुद्धा नाहीत. एकेका दगडावर एकेक नाव कोरले आहे. खाली वाकल्याशिवाय ते वाचता येत नाही.

१९४३ साली रोम जर्मन फौजेच्या ताब्यात होते. १६ ऑक्टोबरला, शनिवारी पहाटे, शिपाई दारोदार आले. त्यांच्या हातात नावांची आणि पत्त्यांची यादी होती. घरच्यांना एक कागद दिला. सामान बांधायला वीस मिनिटे दिली. बायका, पोरे, म्हातारी माणसे, कोणालाही सोडले नाही. दोन दिवसांनी हजारांहून अधिक लोकांना आगगाडीत कोंबून आउश्वित्झच्या छावणीत नेले. त्यांतले परत किती आले? फक्त १६.

ती यादीही अक्षरांचीच होती. अक्षरांनी माणूस मारायला मदत होते, हेही खरे आहे. पण २०१० सालापासून रोममध्ये हे पितळी दगड बसवू लागले. माणूस इथे राहत होता, अमुक साली जन्मला, अमुक दिवशी पकडला, असे त्यांवर असते. ज्यांना पुसून टाकायचे होते, त्यांची नावे आता त्यांच्याच दारापुढे आहेत. येणारा जाणारा वाकतो आणि वाचतो.

शेवटचा मुक्काम

टायबर नदी ओलांडून स्कूटर जानिकोलो टेकडीवर चढते. सगळे रोम खाली दिसते. रोज बरोबर बारा वाजता इथे तोफ उडते. दगावू नका, ती नुसती वेळ सांगते!

इथे एका लांब भिंतीवर अक्षरेच अक्षरे आहेत. १८४९ साली रोमच्या लोकांनी स्वतःचे राज्य स्थापले. त्याची ही राज्यघटना. सत्तेवर हक्क जनतेचा, असे तिच्या पहिल्याच कलमात आहे. ते राज्य पाच महिनेही टिकले नाही. फ्रेंच फौजा शहरात शिरत होत्या, त्याच दिवशी सभेने ही घटना लोकांना वाचून दाखवली. राज्य गेले. पण शब्द राहिले. २०११ साली ते या भिंतीवर कोरले.

गटाराच्या झाकणावरची चार अक्षरे आठवली? तीच गोष्ट इथे पुरी लिहिली आहे. आणि १९४६ साली, म्हणजे वेस्पा निघाली त्याच वर्षी, इटलीच्या लोकांनी मते देऊन राजाला निरोप दिला. देशभरच्या या मतदानात बायकांनीही मत दिले. त्यांची ती पहिलीच वेळ.

आपली सहल संपली. टोप काढा. तुमच्या गावातही अक्षरे आहेत. पंचायतीच्या पाटीवर आहेत. विहिरीच्या दगडावर आहेत. सातबाऱ्यावर आहेत. आता तुम्हाला वाचता येते. जा, वाचा. आणि वाचलेले खरे आहे का, ते विचारा.

वाचा आणि सांगा

१. चार अक्षरे कोठे कोठे दिसली? त्यांचा अर्थ काय?
२. पँथिऑनची खरी हकीकत कशावरून कळली?
३. पितळी दगडांवर काय लिहिले आहे? ते का लिहिले असेल?
४. आपल्या गावातला एखादा जुना लेख किंवा पाटी वाचून वहीत उतरवा. ते कोणी लिहिले, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा.