नोटरीचा व्यवसाय टिकवायचा तर काय करावे, काय टाळावे

पंधरा-वीस वर्षांपूर्वी तहसील कचेरीच्या आवारात बसणाऱ्या नोटरीचा दिवस ट्रू कॉपी, उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रे आणि भाडेकरार यांतच निघून जायचा. त्यातले बरेच काम आता गेले आहे आणि ते परत येणार नाही. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या अनेक सेवांसाठी स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रत चालू लागली. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाऊ लागली. भाडेकराराची नोंदणी आधार आणि बोटाच्या ठशावर घरबसल्या होऊ लागली. त्यात मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने एकट्या महाराष्ट्रातून हजारो वकिलांची नोटरी म्हणून निवड केली. काम आटले आणि वाटेकरी वाढले.

तरीही हा व्यवसाय संपेल असे मला वाटत नाही. समोर बसलेला माणूस कोण आहे, त्याला कागद कळला आहे का आणि तो राजीखुशीने सही करतो आहे का, या तीन गोष्टींची जबाबदारी अंगावर घेणारे कोणीतरी बँकेला, न्यायालयाला आणि परदेशातल्या विद्यापीठाला अजूनही लागते. ही जबाबदारी जो खरोखर घेईल त्याच्याकडे काम येत राहील. खालची यादी त्याच दृष्टीने वाचावी.

काय करावे

रजिस्टर स्वतः लिहावे, त्याच दिवशी लिहावे. नोटरी नियम, १९५६ प्रमाणे नमुना १५ मधले रजिस्टर ठेवणे सक्तीचे आहे. पण पुष्कळ ठिकाणी ते आठवड्याने, कारकुनाच्या हातून, सगळ्या ओळी एकाच शाईत भरले जाते. मुखत्यारपत्रावरचा वाद दहा-बारा वर्षांनी उभा राहतो. तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्हाला तो चेहरा आठवणार नाही, आधाराला फक्त रजिस्टरची ती एक ओळ असेल. म्हणून रकाने भरून भागवू नये. दस्ताची पाने किती, खाडाखोड कुठे आहे, ओळख कोणी पटवली, कोणता पुरावा पाहिला, मजकूर कोणत्या भाषेत समजावून सांगितला आणि सही केली की अंगठा, हेही शेऱ्यात लिहावे. संबंधिताची सही तिथल्या तिथे, स्वतःसमोर घ्यावी. संध्याकाळी दिवसभराच्या पानांचे स्कॅन करून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावे. मूळ मात्र कागदी रजिस्टरच, ते कपाटात कुलपात राहिले पाहिजे.

ओळखपत्र डोळ्यांनी पाहून सोडू नये, क्यूआर कोड स्कॅन करावा. आधार कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असलेला तपशील आणि फोटो असतो. फोटो बदलून नवे प्लास्टिक कार्ड छापून घेणे आज कुणालाही जमते. प्राधिकरणाच्या ॲपमध्ये कोड उघडून त्यातला फोटो, हातातल्या कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा असे तिन्ही ताडून पाहावेत. याला अर्धा मिनिट लागतो. जमिनीच्या व्यवहारात तोतया माणूस उभा करण्याचे जेवढे प्रकार होतात, त्यातले निदान ओबडधोबड प्रकार याने तिथेच अडतील.

पक्षकाराची माहिती जपावी. आधारचे शेवटचे चार आकडे नोंदले की काम भागते. मास्क्ड आधारची प्रत मागावी. टेबलाखाली साचलेल्या आधारच्या झेरॉक्स रद्दीत जाऊ देऊ नयेत, कार्यालयाच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपने आलेली ओळखपत्रे काम झाल्यावर पुसावीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे. हे सांभाळणे आता सौजन्यापुरते राहिलेले नाही.

घरी आणि रुग्णालयात जाऊन काम करावे. आज सर्वांत जास्त गरज इथे आहे, असे माझे ठाम मत आहे. पुणे, नाशिक, डोंबिवलीत मुले परदेशी आणि आईवडील एकटे अशी घरे वाढली आहेत. बँकेचे पत्र, सोसायटीचे हमीपत्र, मुलाच्या नावे मुखत्यारपत्र यांसाठी ऐंशीच्या पुढच्या माणसाला जिने चढायला लावणे बरे नाही. प्रमाणपत्रात दिलेल्या कार्यक्षेत्रात जाऊन काम करता येते आणि प्रवासखर्चाची तरतूद नियमांतच आहे.

पण तिथे घाई अजिबात करू नये. खोलीत गेल्यावर आधी नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगावे. मग आजोबांना मराठीत सरळ विचारावे, "हा कागद कशाचा आहे? यात कोणाला काय अधिकार देताय? फ्लॅट विकायचा अधिकारही यात आहे, ते माहीत आहे ना?" उत्तर त्यांच्याच शब्दांत यायला हवे. नुसती मान हलली तर सही घेऊ नये. औषधाची गुंगी असेल तर डॉक्टरांचे लेखी मत मागावे किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुनेने नाही तर पुतण्याने दुसऱ्या बाजूने "सही करा हो काका" असा लकडा लावला असेल, तर फी परत करून उठावे. मृत्युपत्रासाठी बोलावले असेल तर स्पष्ट सांगावे की कायद्याला दोन साक्षीदार लागतात, नोटरी सक्तीची नाही. एवढा खरेपणा दाखवणाऱ्या नोटरीचे नाव त्या सोसायटीत आपोआप पसरते.

परदेशी जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या कागदांची साखळी पाठ करावी. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात सामील झाला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आधी नोटरीकडे, मग राज्य शासनाकडे आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात. पहिल्याच पायरीवर शिक्का पुसट असला किंवा पासपोर्टवरच्या नावात आणि कागदावरच्या नावात एका अक्षराचा फरक राहिला, तर मुलाचा सारा फेरा वाया जातो. उलट दिशेने, न्यू जर्सीहून किंवा दुबईहून आलेले मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते. ते दस्त नोंदणीसाठी वापरायचे असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ च्या अटी वेगळ्या आहेत. हे पक्षकाराला पहिल्या भेटीतच सांगावे.

भाषांतराचे काम उभे करावे. भाषांतर करणे आणि ते पडताळणे हे नोटरी कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे, तरी आपल्याकडे फार थोडे जण ते करतात. जन्मदाखला, सातबारा, फेरफार, वारसनोंद यांची इंग्रजी भाषांतरे व्हिसासाठी आणि परदेशी न्यायालयांसाठी लागतात. पहिला मसुदा यंत्राने करायला हरकत नाही, पण नंतर शब्द न् शब्द मुळाशी ताडावा. हस्तलिखित फेरफारातला १ आणि ९, गट नंबर, हेक्टर-आरचे दशांश, "भोगवटादार वर्ग २" आणि इतर हक्कांतला बोजा या जागांवर बोट ठेवून वाचावे. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून मोडी कागदांचीही मागणी वाढली. स्वतःला मोडी वाचता येत नसेल तर त्या लिप्यंतरावर पडताळणीची सही करू नये. जाणकाराला सोबत घ्यावे किंवा ती लिपी शिकावी.

दरफलक लावावा आणि पावती द्यावी. फीचे दर कार्यालयाच्या आत आणि बाहेर ठळक लावणे नियमानेच बंधनकारक आहे. यूपीआयने पैसे आले तरी पावती द्यायचीच.

गरज नसेल तर तसे सांगावे. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झाले. पण शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ च्या आदेशाने शुल्क माफ आहे. तरीही जातीच्या दाखल्यासाठी विद्यार्थ्यांच्या हातात स्टॅम्प पेपर दिलेला आजही दिसतो. शेतमजुराच्या मुलाचे ते पाचशे रुपये वाचवणे हे आपले काम आहे.

काय टाळावे

शिक्का दुसऱ्याच्या हाती देणे. नियमाने पाच सेंटिमीटर व्यासाचा तो गोल शिक्का म्हणजे शासनाने आपल्यावर टाकलेला विश्वास. तो झेरॉक्सवाल्याच्या खणात राहू नये. "घरपोच नोटरी" विकणाऱ्या ऑनलाइन एजंटांकडून आता नवे आमिष येते. रोज पन्नास कागद देऊ, तुम्ही फक्त सही-शिक्का मारून ठेवा, असे ते सांगतात. माणूस न पाहता केलेला प्रत्येक कागद ही भावी चौकशी आहे. नियम १३ खाली गैरवर्तनाची चौकशी होते आणि कलम १० प्रमाणे नाव कायमचे काढले जाऊ शकते. नव्याने निवड झालेल्या तरुण वकिलांना माझी ही कळकळीची विनंती आहे. सुरुवातीच्या वर्षांत काम कमी असते, मोह मोठा असतो. त्याच काळात हात आवरावा.

व्हिडिओ कॉलवर नोटरी करणे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने २०१२ पासून याला मुभा दिली आणि कोविडनंतर तिथे ते आणखी फोफावले. आपल्या १९५२ च्या नोटरी कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त आजही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालत नाही. मुखत्यारपत्राला २०२२ मध्ये सूट मिळाली ती वित्तसंस्थांच्या व्यवहारांपुरती. कायदा बदलला तर आपण पहिल्या दिवशी तयार असावे, तोवर पडद्यावरच्या माणसाला "माझ्यासमक्ष" म्हणू नये.

मागची तारीख. कितीही ओळखीचा असला तरी नाही.

भाडेकरार नोटरीवर उरकणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पक्षकाराला सरळ ऑनलाइन नोंदणीकडे पाठवावे.

नोटरीवर प्लॉट विकण्याच्या कागदाला हात लावणे. शहरांच्या कडेच्या गुंठेवारी वस्त्यांत कष्टकऱ्यांनी आयुष्याची कमाई पाचशेच्या स्टॅम्पवर ओतलेली असते. "वकीलसाहेबांचा शिक्का आहे म्हणजे पक्कं आहे," असे त्यांना वाटते. नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अशा कागदाने मालकी येत नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळते ते घर पाडायची नोटीस आल्यावर किंवा तोच प्लॉट दुसऱ्याला विकल्यावर. मजकूर "खरेदी" असा न लिहिता "करारनामा" किंवा "ताबा पावती" असा लिहून आणला तरी हेतू तोच असतो. विकणाऱ्यासमोरच खरेदीदाराला खरे सांगावे आणि कागद परत करावा. नोटरीने एका कुटुंबाला वाचवण्याचा याहून मोठा प्रसंग मला ठाऊक नाही.

लग्न आणि घटस्फोट लावणे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय विधि विभागाने पुन्हा बजावले आहे की नोटरीला हा अधिकार नाही. पळून आलेल्या घाबरलेल्या जोडप्याला विशेष विवाह कायद्याची वाट दाखवावी, त्यांच्या हाती निरुपयोगी कागद देऊ नये.

यंत्राने लिहिलेला मसुदा न वाचता पुढे ढकलणे. हल्ली पक्षकार मोबाइलवरून झकास इंग्रजीतले प्रतिज्ञापत्र घेऊन येतात. त्यात भलत्याच राज्याच्या कायद्याचा उल्लेख असतो, अस्तित्वात नसलेले कलम असते आणि शपथ घेणाऱ्याला त्यातले एक वाक्य कळत नसते. ते मराठीत वाचून दाखवावे. बहुतेक वेळा ते मराठीतच नव्याने लिहून द्यावे लागते आणि त्याची फी मागायला संकोच नको.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात तज्ज्ञ होणे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत आणि त्यात हॅश मूल्य द्यावे लागते. भाग 'ब' तज्ज्ञाचा आहे. हॅश म्हणजे काय ते जरूर शिकावे, पण नोटरी आहोत म्हणून तिथे सही करू नये.

जाहिरातबाजी. आपण वकीलही आहोत. बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र एवढे देता येते. तेवढे नीट आणि खरे द्यावे.

मुदती विसरणे. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी द्यायचा असतो. केंद्राच्या नोटरींसाठी २०२४ पासून हे काम नोटरी पोर्टलवर होते. वार्षिक विवरण दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवायचे असते. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर काम करण्याचा अधिकार उरत नाही, आणि त्याची झळ विश्वासाने आलेल्या पक्षकाराला बसते. हे वाचून झाल्यावर भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरची तारीख आजच एकदा पाहून घ्या.