गर्भाचे वय आणि संगणकाची नजर

पिंपरी-भोसरीपासून चाकण-महाळुंग्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात विदर्भ-मराठवाड्यातून, तसेच उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली हजारो कामगार कुटुंबे राहतात. नव्या गावी आलेली गर्भवती स्त्री पुष्कळदा उशिराच तपासणीस येते. शेवटच्या पाळीची तारीख तिला नेमकी आठवत नाही, आणि पहिली सोनोग्राफी झाली असली तरी तिचा कागद गावीच राहिलेला असतो.

ही तारीख किरकोळ नव्हे. गर्भ लहान दिसला, तर तो मुळातच कमी दिवसांचा आहे की त्याची वाढ खुंटली आहे, हे वयावरूनच ठरते. आणि दोहोंचे उपचार भिन्न आहेत. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या लांबीवरून वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने कळते. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र हीच चूक तीन आठवड्यांवर जाऊ शकते, कारण तोवर प्रत्येक बालकाची वाढ आपापल्या गतीने झालेली असते.

सोनोग्राफीत डोक्याचा परीघ, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. त्यासाठी नेमका छेद पडद्यावर पकडावा लागतो. तो तिरका पडला की माप चुकते. तज्ज्ञांनी खुणा केलेली असंख्य चित्रे दाखवून संगणकाला हा छेद ओळखण्यास शिकविता येते. सुट्या भागांतील दोष कॅमेऱ्याने टिपणे वाहन उद्योगाला नवे नाही. पण सुटा भाग स्थिर असतो. गर्भ हालतो, वळतो, आणि चित्रही धूसर असते!

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जांबियातील लुसाका व अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील ४०० गर्भवतींची तपासणी झाली. सोनोग्राफीचे शिक्षण नसलेल्यांनी केवळ ठराविक पद्धतीने पोटावरून यंत्र फिरविले व वय संगणकाने काढले. १४ ते २७ आठवड्यांच्या काळात सरासरी चूक ३.२ दिवस आली. प्रशिक्षित तंत्रज्ञांची ३.० दिवस होती. मात्र हा पडताळा वयाचा होता, व्यंगनिदानाचा नव्हे. आपल्याकडेही मद्रास आय. आय. टी. आणि फरिदाबादची टी. एच. एस. टी. आय. यांनी गुरुग्रामच्या रुग्णालयातील नोंदींवरून 'गर्भिणी-जीए२' ही पद्धत २०२४ मध्ये मांडली. ती चित्र वाचत नाही. घेतलेल्या मापांवरून वय काढते. प्रचलित सूत्रे पाश्चात्त्य गर्भांवरून बेतलेली असल्याने तिचे महत्त्व अधिक.

जांबियाची रीत येथे जशीच्या तशी चालणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला व २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. यंत्राची नोंदणी, पात्र डॉक्टर आणि प्रत्येक गर्भवतीसाठी 'एफ' नमुना हे बंधनकारक आहे. मुलींच्या जिवाशी गाठ असल्याने ही बंधने सैल होणे इष्ट नाही. संगणकाची जागा म्हणूनच नोंदणीकृत केंद्रातील डॉक्टरच्या शेजारी आहे: गर्दीच्या दिवशी माप पडताळणारा आणि चुकलेला छेद दाखवून देणारा मदतनीस म्हणून.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. जाताना पहिल्या सोनोग्राफीचा कागद बरोबर न्यावा. वय सर्वांत आधीच्या तपासणीवरूनच धरले जाते. नंतरच्या सोनोग्राफीत वेगळा आकडा आला तरी प्रसूतीची तारीख सहसा बदलत नाहीत.