बर्फाशिवायचा नाताळ : पेरूमधल्या कुस्को शहराचा पाठ



नाताळचं चित्र काढा म्हटलं की आमच्या वर्गातल्या सगळ्या वह्यांत बर्फ पडतो. खरं तर आमच्या गावात बर्फ दिसतो तो रसवंतीवाल्याकडे. पण दोष मुलांचा नाही. "डिसेंबर म्हणजे थंडी, म्हणून नाताळला बर्फ" असं मीच बरीच वर्षं शिकवलं. एकदा पृथ्वीगोल फिरवताना एका मुलीने विषुववृत्ताच्या खाली बोट ठेवून विचारलं, "मॅडम, मग इकडं?" मला पटकन सांगता आलं नाही. त्यानंतर हा पाठ तयार केला.

कुस्को हे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातलं शहर, एकेकाळी इंका साम्राज्याची राजधानी. उंची सुमारे ३४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथे कडाक्याची थंडी जून-जुलैत असते. डिसेंबर हा पावसाळा. तिथली शाळा मार्चमध्ये सुरू होते आणि डिसेंबरमध्ये संपते, त्यामुळे नाताळ येतो तो मोठ्या सुट्टीच्या तोंडावर. हे ऐकून आमची मुलं सर्वांत जास्त खूश झाली.

शहरात बघण्यासारखं पुष्कळ आहे, मी वर्गात दोनच गोष्टी सांगते. एक, कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर. स्पॅनिश लोकांनी त्याच्या भिंतींवर चर्च आणि मठ बांधला. १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम बरंच पडलं, पण चुन्याशिवाय रचलेल्या खालच्या दगडी भिंती टिकल्या. दुसरी, मुख्य चर्चमधलं मार्कोस सापाता या चित्रकाराचं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र. त्यात मधल्या ताटात चक्क गिनी पिग आहे, कारण तो तिथला सणासुदीचा पदार्थ. सण परक्या मुलखात गेला की तिथलंच जेवतो, हे मुलांना या चित्रावरून लगेच समजतं.

नाताळचंही तसंच. २४ डिसेंबरला मुख्य चौकात 'सांतुरांतिकुय' नावाची जत्रा भरते. क्वेचुआ भाषेत याचा अर्थ संतांची विक्री. गव्हाणीच्या देखाव्यासाठी लागणाऱ्या मातीच्या, लाकडाच्या मूर्ती तिथे मिळतात. बाळ येशूला तिथे लाडाने 'मॅन्युएलितो' म्हणतात. जुन्या पद्धतीच्या मूर्तीत त्याच्या टाळूला आरशाचा तुकडा लावतात, म्हणजे तोंड आतून चमकतं. लोक त्याला नवे कपडे घेतात, छोटी खुर्चीसुद्धा घेतात. पायात काटा रुतलेला मॅन्युएलितोही असतो. तो म्हणे गुराख्यांच्या पोरांबरोबर खेळायला गेला होता!

रात्री बाराला फटाके, मग गरम चॉकलेट आणि 'पानेतोन' हा बेदाणे घातलेला गोड पाव.

आता जरा अवघड भाग. तो गाळू नका असं मला वाटतं. देखाव्याखाली अंथरायला शेवाळ, गवत, रानफुलं विकायला डोंगरातल्या खेड्यांतून बायका येतात, बरोबर लेकरं. आदल्या रात्री ती चौकातल्या कमानींखाली झोपतात. शहरातले लोक या मुलांना चॉकलेट आणि पाव वाटतात. एका मुलाची सुट्टी, तर दुसऱ्याचं कामाचं दिवस. वर्गात इथे "बिचारी" म्हणून पुढे जाऊ नये. ही मुलं घरी क्वेचुआ बोलतात आणि शाळेत बहुतेक वेळा स्पॅनिश. १९७५ मध्ये क्वेचुआला पेरूत अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला, पण वर्गापर्यंत ती नीट पोचायला अजून वेळ लागतोय. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा, घरी अहिराणी बोलणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे आमच्यासारखंच की." एरवी तो तासाला तोंड उघडत नाही. त्या दिवशी मी त्याला शेवाळाला, गवताला, काट्याला घरी काय म्हणतात ते फळ्यावर लिहायला लावलं.

पालकहो, घरी एवढंच करा. पृथ्वीगोल नसेल तर मोसंबं घ्या, टॉर्च घ्या, आणि २४ डिसेंबरला खालच्या बाजूला ऊन जास्त कसं पडतं ते दाखवा. मोसंबं थोडं कलतं धरायचं, हे विसरू नका. मी पहिल्यांदा विसरले होते.

या वर्षी चित्राचा विषय ठेवला : मॅन्युएलितो आपल्या गावात आला तर? बर्फ एकाही वहीत नव्हता. एका चित्रात तो बांधावर बसलाय, आणि त्याच्या पायातून बाभळीचा काटा काढतेय कुणाची तरी आजी.