सहल संपल्यावरचे फोटो

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन कुठे ना कुठे जाल. परत याल तेव्हा फोनमध्ये तीन-चारशे फोटो असतील आणि त्यातले निम्मे एकाच धाटणीचे: मागे किल्ल्याचा दरवाजा नाहीतर धबधबा, पुढे ओळीत उभी केलेली मुलं, डोळ्यांवर ऊन आणि चेहऱ्यावर ‘झालं का?’ आल्या रात्री त्यातले दहा-पंधरा स्टेटसला लागतात, ढीगभर फॅमिली ग्रुपवर जातात, अंगठे येतात आणि विषय तिथेच मिटतो. घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा छंद म्हणाल, तर तो अजून सुरूच झालेला नसतो. कारण फोटो काढणारे तुम्ही, निवडणारे तुम्ही, पाठवणारेही तुम्हीच. मुलांच्या वाट्याला फक्त उभं राहणं आलं.

म्हणून पुढच्या वेळी फोन त्यांच्या हाती द्या. पडेल, फुटेल ही भीती खरी आहे. मनगटात अडकवायची दोरी मिळते, ती लावा. एखादा जुना फोन घरात पडून असेल तर उत्तमच.

समजा, तुम्ही अजिंठ्याला गेलात. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, भित्तिचित्रांचे रंग जपायचे म्हणून. तेव्हा फ्लॅश बंद करायचं काम मुलाकडेच सोपवा, आणि का ते सांगा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर उजेड इतका कमी असतो की फोटो हमखास हलतो. कोपरं अंगाशी घट्ट धरायची, श्वास क्षणभर रोखायचा आणि मग बटण दाबायचं; खांबाला किंवा भिंतीला मात्र टेकायचं नाही. एवढं शिकवलंत तरी पुरे. मग त्याला म्हणा, ‘सगळं चित्र नको घेऊस, तुला आवडलेला एकच तुकडा शोध.’ कुणी पद्मपाणीच्या हातातलं कमळ शोधेल, कुणी छतावरचा हत्ती.

हे मी उगीच सांगत नाही. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवून एक प्रयोग केला होता. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे अख्खे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. जिथे झूम करून एखादाच भाग टिपायला सांगितला होता, तिथे मात्र आठवणीला धक्का लागला नाही. तुकडा निवडायचा तर आधी नीट पाहावं लागतं ना!

लेणी पाहून झाल्यावर पाय साथ देत असतील तर समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवर चढा. वाघोरा नदीच्या वळणावरची लेण्यांची सगळी रांग तिथून दिसते. तिथे बसून, पाणी पिता पिता, मुलांना रॉबर्ट गिलची गोष्ट सांगा. मद्रासच्या लष्करातला हा अधिकारी १८४० च्या दशकात या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं इथेच राबला. त्याच्या तैलरंगातल्या प्रती इंग्लंडला गेल्या, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मधल्या काळात त्यानं कॅमेरा हाती घेतला होता. त्यानं काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह निघालं, ते राहिलं. ‘त्यानं दुसरी प्रत काढून नव्हती का ठेवली?’ असं एखादं पोर विचारेलच. तुमच्या फोनमधल्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे, हेही लगे हात बघून घ्या.

आता खरी गंमत घरी आल्यावरची. आठवडा उलटायच्या आत एक संध्याकाळ ठरवा, फोटो टीव्हीवर लावा आणि प्रत्येकानं फक्त पाच निवडायचे असा नियम करा. पूर्वी रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे, त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार व्हायचा. आता तो विचार नंतर बसून करायचा, एवढाच फरक.

या निवडीत भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत. तुम्ही पद्मपाणी निवडाल. मुलगी निवडेल बसच्या चाकाशेजारी झोपलेलं कुत्रं, आजीच्या साडीचा काठ आणि एक चप्पल. तिच्या उंचीवरून जग तसंच दिसतं. ‘हे काय काढलंस?’ एवढं मात्र म्हणू नका. ‘इथे काय चाललं होतं गं?’ असं विचारा आणि गप्प बसा. चपलेचा अंगठा तुटला होता, बाबांनी तो सेफ्टी पिनेनं जोडला आणि दिवसभर लंगडत चालले, हे सगळं बाहेर येतं. झालेल्या गोष्टींबद्दल मुलांशी असं मोकळं, खोदून खोदून बोलणाऱ्या पालकांची मुलं पुढे स्वतःच्या आठवणी अधिक तपशिलानं सांगतात, असं रॉबिन फायवुश यांच्यासारख्या अभ्यासकांना दिसलं आहे. फायदा म्हणून नका करू हे, पण माहीत असू द्या.

फोटो वाटायचे म्हणाल तर दोन-तीन गोष्टी पाळा. सहल चालू असताना स्टेटस नको. घर बंद आहे, ही बातमी कुलपाआधी आपणच फोडतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा. आणि मुलांचा फोटो पाठवण्याआधी मुलांना विचारा, अगदी पाच वर्षांच्या पोरालाही. रडतानाचा, पोहण्याच्या कपड्यांतला, बसमध्ये उलटी झाल्यावरचा फोटो तुम्हाला कितीही गोड वाटो, मुलीनं ‘नको’ म्हटलं की नको. दहावीत गेल्यावर तीच तुमचे फोटो काढणार आहे, तेव्हा हा नियम तुमच्याही कामी येईल.

निवडलेले फोटो ग्रुपवर टाकाल तेव्हा प्रत्येकाखाली एक ओळ मुलांनी सांगितलेली, त्यांच्याच शब्दांत लिहा. आत्यानं काही विचारलं तर उत्तर मुलीलाच व्हॉइस मेसेजवर देऊ द्या. आणि आजी-आजोबांसाठी त्यातले चार-पाच स्टुडिओतून छापून आणा. फोनवर त्यांना फोटो दिसतो, पण बोट लागून सरकतो आणि मग तो काही सापडत नाही. छापलेल्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, कागद न दाबता, गाव, साल आणि कोण कोण आहे ते लिहा. चपलेच्या फोटोमागेही लिहा: कुणाची, आणि पिन कुणी लावली.