छोट्या व्यापाऱ्याची पत्रयादी आणि ईमेल-सेवेची निवड

गिऱ्हाईक एकदां दुकानीं आलें म्हणजे तें पुन्हां यावें, अशी तजवीज करण्यांतच लहान व्यापाराचें बहुतेक यश असतें. मोठी पेढी वर्तमानपत्रांतून व रस्त्यावरील फलकांवरून आपलें नांव गाजवूं शकते. लहान दुकानदारास तितकें द्रव्यबळ नसतें. ज्यांनीं त्याचा माल घेतला आणि नवा माल आला कीं कळवा असें आपण होऊन सांगितलें, अशा माणसांची यादी हीच त्याची खरी मिळकत होय. ही यादी ईमेलच्या पत्त्यांची असली तर एकाच वेळीं शेंकडों लोकांस वार्ता देतां येते. मात्र ती कोणत्या सेवेच्या द्वारें द्यावी ह्याविषयीं पुष्कळांचा गोंधळ होतो. कारण अशा सेवा अनेक आहेत व प्रत्येक सेवा आपलीच थोरवी सांगते. ज्या विद्यार्थ्यांस पुढें घरचा धंदा पाहावयाचा आहे, त्यांस ही निवड कशी करावी हें समजावें, एतदर्थ हा विषय आम्ही येथें घेतला आहे.

प्रथम, अशी सेवा लागते तरी कशाला, हें पाहूं. जीमेलच्या साध्या खात्यावरून एका दिवसांत ५०० हून अधिक लोकांस पत्र धाडतां येत नाहीं. शिवाय सर्वांचे पत्ते एकाच ओळींत उघडपणें घातले तर प्रत्येकाचा पत्ता इतरांस दिसतो, आणि हा विश्वासाचा भंग होय. ईमेल-सेवा तीन कामें करते: ती यादी नीट राखते, प्रत्येकास वेगळें पत्र धाडते, आणि ज्यास पत्रें नको असतील त्याचें नांव, त्यानें तशी इच्छा दर्शवितांच, वगळते. मेलचिंप, ब्रेवो, किट, मेलरलाइट व आपल्या देशांतील झोहो कॅम्पेन्स हीं अशा सेवांचीं प्रसिद्ध नांवें होत. हीं तीन कामें ह्या सर्वच सेवा करतात. म्हणून निवड करतांना त्यापलीकडील चार गोष्टी पारखाव्या.

पहिली गोष्ट संमति. ता. ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील गॅरी थ्यूर्क ह्या गृहस्थांनीं आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात आर्पानेट नामक जाळ्यावरील सुमारें ४०० लोकांस, कोणीं मागितली नसतां, धाडली. त्याबद्दल मोठी ओरड झाली. अनाहूत ईमेल-जाहिरातीचा, म्हणजे ज्यास आज आपण स्पॅम म्हणतों त्याचा, हा पहिला दाखला मानतात. आपल्या देशांत २०२३ सालीं झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचें तत्त्व असें कीं, संमति मोकळ्या मनानें व कशासाठीं हें समजून दिलेली असावी, आणि ती देणें जितकें सोपें तितकेंच परत घेणेंही सोपें असावें. म्हणून विकत मिळणाऱ्या याद्यांच्या मोहांत मुळींच पडूं नये. नांव नोंदविणाऱ्यास खात्रीचें पत्र जावें, त्याचा होकार आल्यावरच नांव यादींत चढावें, आणि होकाराची तारीख टिपलेली राहावी, अशी सोय जी सेवा देते ती बरी.

दुसरी गोष्ट, पत्र पोहोंचणें. धाडलेलें पत्र आणि पोहोंचलेलें पत्र ह्यांत अंतर आहे. संशयित पत्र टपालपेटीच्या अडगळींत जाऊन पडतें. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू ह्यांनीं ह्या बाबतींत नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रें धाडणाऱ्यास एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ह्या तिन्ही खुणा आवश्यक झाल्या, आणि तक्रारींचें प्रमाण शेंकडा ०.३ च्या खालीं ठेवणें भाग पडलें. पैकीं एसपीएफ म्हणजे आपल्या नांवानें पत्र धाडण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांस आहे ह्याची जाहीर यादी; डीकेआयएम म्हणजे पत्रावरील मोहोर, जी मजकुरांत फेरफार झाल्यास जुळत नाहीं; आणि डीमार्क म्हणजे ह्या खुणा न जुळल्यास पत्राचें काय करावें ह्याविषयींची आपली सूचना. लहान व्यापारी ५,००० पत्रें क्वचितच धाडील. तरी ह्या खुणा त्यालाही उपकारकच आहेत. मात्र त्या आपल्या नांवावर करण्यास स्वतःचें डोमेन लागतें. म्हणून सेवेवर पैसा खर्च करण्यापूर्वीं डोमेन घ्यावें, आणि ह्या खुणा जोडण्याची रीत जी सेवा सोप्या शब्दांत दाखविते ती पसंत करावी.

तिसरी गोष्ट आकार. येथेंच बहुतेकांची फसगत होते. कारण कांहीं सेवा यादींतील नांवांवर आकार घेतात, तर कांहीं धाडलेल्या पत्रांवर. दोन उदाहरणें घेऊं. समजा, देवगडच्या एका आंबा-बागाईतदाराच्या यादींत १,८०० नांवें आहेत. तो हंगामांत ८ व उरलेल्या वर्षांत २ वेळां पत्र धाडतो. म्हणजे वर्षाचीं १८,००० पत्रें झालीं. दुसरा एक पुस्तकविक्रेता ३०० वाचकांस दर आठवड्यास पत्र धाडतो. त्याचीं वर्षाचीं १५,६०० पत्रें झालीं. पत्रांची संख्या दोघांची जवळजवळ सारखी. परंतु नांवांवर आकार घेणाऱ्या सेवेंत बागाईतदारास १,८०० नांवांचे पैसे बारा महिने भरावे लागतील, मग आठ महिने झाडावर फळ नसलें तरी! त्यास पत्रांवर आकार घेणारी सेवाच परवडेल.

आतां फुकट योजनांचें पाहूं. ब्रेवो ही सेवा पत्रांवर आकार घेते, व तिच्या फुकट योजनेंत दिवसाला ३०० पत्रांची मर्यादा आहे. पुस्तकविक्रेत्याचें काम तींत एका दिवसांत उरकेल. बागाईतदाराचीं १,८०० पत्रें जाण्यास मात्र सहा दिवस लागतील. पहिल्या गिऱ्हाइकाची पेटी घरीं पोहोंचेल तेव्हां शेवटच्यास आंबा उतरल्याची वार्ताच कळत असेल. एकास जें फुकट, तें दुसऱ्यास महाग पडतें तें असें. मोजणीची रीतही विचारून घ्यावी. मेलचिंपनें २०१९ सालीं नियम बदलून, पत्रें नको म्हणणाऱ्यांचीं नांवेंही मोजणींत धरण्यास आरंभ केला. तीं वेगळीं काढून न ठेवल्यास त्यांचाही भार मालकावर पडतो. त्याच सेवेची फुकट योजना पूर्वीं २,००० नांवांपर्यंत असे. पुढें ती मर्यादा ५०० वर आणण्यांत आली. सारांश, आजच्या सवलतीवर उद्यांचा हिशेब बांधूं नये.

ज्यास यंत्राचें ज्ञान आहे त्यास आणखी एक मार्ग मोकळा आहे. झेरोधा ह्या भारतीय कंपनींत तयार झालेला लिस्टमंक नांवाचा प्रोग्राम कोणासही विनामूल्य वापरतां येतो, आणि ॲमेझॉनची एसईएस ही सेवा दर हजार पत्रांस अमेरिकन डॉलरचा दहावा भाग घेते. बागाईतदाराचीं वर्षाचीं सर्व पत्रें ह्या दरानें दोन डॉलरांच्या आंतच जातील. परंतु प्रोग्राम चालविण्यास भाड्याचें यंत्र लागतें, व त्याची देखभाल स्वतःच करावी लागते. हें ओझें ज्यास पेलेल त्यानेंच ह्या वाटेस जावें.

चौथी गोष्ट, निघून जाण्याची मोकळीक; आणि आमच्या मतें हीच सर्वांत मोलाची. टायनीलेटर ही साधी व लोकप्रिय सेवा मेलचिंपनें २०११ सालीं घेतली आणि ता. २९ फेब्रुवारी २०२४ रोजीं बंद केली. ट्विटरनें २०२१ सालीं रेव्ह्यू ही सेवा विकत घेतली, व जानेवारी २०२३ मध्यें ती मिटविली. ज्यांनीं आपली यादी वेळींच उतरवून घेतली, त्यांचें फक्त घर बदललें. ज्यांनीं घेतली नाहीं, त्यांचीं गिऱ्हाइकेंच हरवलीं. म्हणून नांवें, पत्ते, होकाराच्या तारखा, आणि पत्रें नको म्हणणाऱ्यांचीं नांवेंसुद्धां सीएसव्ही स्वरूपांत केव्हांही उतरवून घेतां येतात कीं नाहीं, हें आधीं करून पाहावें. नको म्हणणाऱ्यांची यादी मागें राहिली तर नव्या घरांतून त्यांस पुन्हां पत्र जाईल, आणि दिलेला शब्द मोडेल.

मराठींत लिहिणाऱ्यानें एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवावी. यूटीएफ-८ पद्धतींत रोमन लिपीचें एक अक्षर १ बाइट घेतें, तर देवनागरींतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा किंवा अनुस्वार ३ बाइट घेतो. 'आंबा' ह्या लहानशा शब्दास १२ बाइट लागतात. जीमेल सुमारें १०२ किलोबाइटांपुढील पत्र कापून दाखवितें. केवळ मजकूर तेथवर जात नाहीं. परंतु नक्षीदार सांच्याचा दडलेला भार त्यांत मिळाला कीं पत्राचा तळ झांकला जातो, आणि नांव वगळण्याची सोय बहुधा तळाशींच असते! तेव्हां साधा सांचा बरा.

तसेंच, किती जणांनीं पत्र उघडलें ह्या आंकड्यास भुलून सेवा निवडूं नये. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या टपाल-ॲपांत, वाचकाची संमति असल्यास, पत्रांतील चित्रें आपोआप आधींच उतरविलीं जातात. त्यामुळें न वाचलेलें पत्रही उघडलेलें म्हणून मोजलें जातें. किती मागण्या आल्या व किती जणांनीं उलट उत्तर धाडलें, हाच खरा आंकडा.

तात्पर्य, सेवा हें भाड्याचें दुकान आहे. यादी ही गिऱ्हाइकांनीं विश्वासानें आपल्यापाशीं ठेवलेली ठेव आहे. भाड्याचें दुकान पाहतांना रंगरंगोटीपेक्षां दार कोठें उघडतें, भाडें कसें मोजतात, आणि सोडतांना आपलें सामान बिनबोभाट नेतां येतें कीं नाहीं, हें शहाणा मनुष्य आधीं विचारतो. ठेव तर कोठेंही गेलें तरी आपल्यालाच जपावी लागते.

अभ्यास

१. एका शिवणवर्गाच्या यादींत ६०० नांवें आहेत व महिन्यास दोन पत्रें जातात. वर्षाचीं पत्रें किती? दिवसाला ३०० च्या मर्यादेंत एक पत्र सर्वांस पोहोंचण्यास किती दिवस लागतील, व त्या वर्गास तेवढा विलंब चालेल काय?

२. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या धंद्यास नांवांवरील आकार सोईचा कीं पत्रांवरील, हें हिशेब मांडून दाखवा.

३. पत्रें नको म्हणणाऱ्यांचीं नांवें जपून कां ठेवावीं, हें दहा ओळींत लिहा.